पोकळीची राखण

औंढा नागनाथ हें नांव मराठी माणसास दोन कारणांनीं परिचित आहे. तेथील हेमाडपंती देवालयास परंपरा बारा ज्योतिर्लिंगांपैकीं एक मानते. आणि त्याच देवालयांत विसोबा खेचर व नामदेव यांची भेट झाली असें सांगतात. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेवांनीं पाय काढण्यास सांगितलें, तेव्हां, जेथें देव नसेल तेथें ते उचलून ठेव, असें त्या वृद्धानें उत्तर दिलें. नामदेवांस तशी रिकामी जागा कोठेंहि सांपडली नाहीं. ही कथा घरोघर ठाऊक आहे. त्याच औंढ्याच्या परिसरांत आज एक विलक्षण उद्योग हातीं घेण्यांत आला आहे. मनुष्याच्या हातून होईल तेवढी रिकामी जागा तेथें निर्माण करावयाची आहे, आणि ती एकदां निर्माण झाली म्हणजे वर्षानुवर्षें राखावयाची आहे.

या उद्योगाचें नांव लायगो-इंडिया. नांदेडच्या वायव्येस, १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यांत, ही वेधशाळा उभी राहावयाची आहे. तिला दुर्बिणीचा घुमट नाहीं, आणि रात्र पडण्याची वाट पाहण्याचें तिला कारण नाहीं. परस्परांशीं काटकोन करणाऱ्या, प्रत्येकीं चार किलोमीटर लांबीच्या दोन पोलादी नळ्या हेंच तिचें मुख्य शरीर. नळ्यांच्या टोकांशीं टांगलेले आरसे आणि त्यांच्यामधून ये-जा करणारा लेसर-प्रकाश यांच्या साहाय्यानें गुरुत्वीय लहरींचा वेध घ्यावयाचा आहे. अशा लहरी असाव्यात हें आइन्स्टाइन यांनीं १९१६ सालीं गणितानें सांगितलें. परंतु त्यांची पहिली प्रत्यक्ष नोंद होण्यास १४ सप्टेंबर २०१५ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशीं अमेरिकेंतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील जुळ्या यंत्रांनीं, सुमारें १३० कोटि प्रकाशवर्षें दूर एकमेकांत विलीन झालेल्या दोन कृष्णविवरांची लहर टिपली. ११ फेब्रुवारी २०१६ रोजीं ही वार्ता जगास कळली, आणि अवघ्या सहा दिवसांनीं भारत सरकारनें अशाच यंत्रास तत्त्वतः मान्यता दिली. ६ एप्रिल २०२३ रोजीं २६०० कोटि रुपयांच्या खर्चास मंजुरी मिळाली, ११ मे २०२३ रोजीं कोनशिला बसविण्यांत आली, आणि २०३० पर्यंत काम तडीस नेण्याचें उद्दिष्ट ठरलें. इंदूरचें राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि जयंत नारळीकर यांनीं १९८८ सालीं पुण्यास उभारलेली आयुका या संस्था या कार्यांत गुंतल्या आहेत. लहरींचा क्षीण संकेत गोंगाटांतून ओळखण्याच्या गणितावर पुण्यांत संजीव धुरंधर व त्यांचे सहकारी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून काम करीत आले होते. म्हणून हा उद्योग महाराष्ट्रास अगदींच परका नव्हे.

गुरुत्वीय लहर येते तेव्हां एक नळी किंचित् लांबते व दुसरी आखडते. हें ‘किंचित्’ म्हणजे किती? चार किलोमीटर लांबींत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजारांशाइतका फरक ओळखण्याची शक्ति या यंत्रांत असावी लागते. एवढ्या सूक्ष्म मापाच्या आड हवा येते. हवेचे रेणु प्रकाशाच्या वाटेंत येऊन त्याची गति क्षणोक्षणीं बदलवितात. आरशांवर आदळून त्यांस हलवितात. आवाज वाहून आणतात. आणि धुळीचा एखादा कण आरशावर बसला तर प्रखर प्रकाशानें तेथें डाग पडण्याची भीति असते. यासाठीं नळ्यांतील हवा काढून वातावरणाच्या दाबाचा केवळ एक लक्ष-कोट्यंश दाब शिल्लक ठेवावा लागतो. नळीचा व्यास १.२ मीटर आहे. दोन्ही नळ्या व त्यांना जोडलेल्या कोठ्या मिळून सुमारें १०,००० घनमीटर जागा रिकामी करावयाची असते.

पोकळीचा इतिहास विहिरीपासून सुरू होतो. लातूर-नांदेडकडील शेतकऱ्यास ही गोष्ट अनुभवानें ठाऊक असते कीं, खोल विहिरीच्या कांठावर इंजिन बसवून पाणी वर येत नाहीं. तें आंत, पाण्याच्या जवळ उतरवावें लागतें. पंप कितीहि उत्तम असो, सुमारें दहा मीटरांपलीकडे तो पाणी खेंचूं शकत नाहीं. हीच अडचण सतराव्या शतकांत इटलींतील कारागिरांस पडली होती. गॅलिलिओचा शिष्य टॉरिचेली यानें १६४४ च्या सुमारास तिचा उलगडा केला. पंप पाणी ओढीतच नाहीं. तो फक्त वरची हवा दूर करतो, आणि बाहेरील वातावरण आपल्या भारानें पाणी वर ढकलतें. वातावरणाचा भार संपला कीं पाण्याची चढण संपली. पाण्याऐवजीं पारा घेतला तर हा स्तंभ केवळ ७६० मिलिमीटर उंच राहतो, आणि बंद नळींत पाऱ्याच्या वर जी जागा उरते ती पोकळी. दाबाच्या ‘टॉर’ या मापाला टॉरिचेलीचेंच नांव मिळालें आहे.

पुढें जर्मनींत माग्देबुर्गच्या गेरिके यानें हवा उपसण्याचा पंप बनविला. १६५७ सालीं त्यानें तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांस लावून आंतली हवा काढली, आणि दोन बाजूंस आठ-आठ घोडे जुंपूनहि ते सहजासहजीं सुटले नाहींत. औंढ्याच्या नळीचें तोंड ज्या झडपेनें बंद होईल तिच्यावर वातावरणाचा जोर किती पडेल याचा हिशेब केला तर तो साडेअकरा टनांच्या घरांत जातो. गेरिकेच्या घोड्यांनीं ज्या शक्तीशीं झुंज घेतली तीच शक्ति येथें पोलादाच्या तीन मिलिमीटर जाडीच्या भिंतीस चोहोंकडून अहोरात्र दाबीत राहणार आहे.

पंपांची प्रगति त्यानंतर दोनशें वर्षें मंद होती. १८५५ सालीं गाइस्लर यानें व १८६५ सालीं श्प्रेंगेल यानें पाऱ्याचे पंप काढले, आणि त्यांतूनच विजेचा दिवा, १८९५ मधील क्ष-किरण व १८९७ मधील इलेक्ट्रॉन यांचा मार्ग मोकळा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभीं गेडे यानें फिरता पंप, रेणुपंप व १९१५ मध्यें प्रसरणपंप अशी मालिकाच उभी केली. १९५८ च्या सुमारास बेकर यानें टर्बोरेणु पंप पुढें आणला. त्याचीं पातीं एवढ्या वेगानें फिरतात कीं रेणूंस चापट मारावी तसें तीं त्यांस एकाच दिशेनें ढकलतात. यांत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, कोणताहि एक पंप सर्व काम करीत नाहीं. वातावरणाच्या दाबापासून आरंभ करणारा पंप वेगळा, आणि विरळ हवेंत काम करणारा वेगळा. पहिल्यानें वाट मोकळी केल्यावांचून दुसऱ्यास हात लावतां येत नाहीं. आणि दुसऱ्यानें जें ढकललें तें पहिल्यानें बाहेर टाकलें नाहीं तर दुसऱ्याचे श्रम फुकट जातात.

परंतु हवा काढणें हें अर्धेंच काम. काढलेली हवा परत आंत येऊं न देणें हें दुसरें अर्धें, आणि तेंच अधिक कठीण. सायकलच्या ट्यूबला भोंक पडलें तर दुकानदार ती पाण्याच्या घमेल्यांत बुडवितो, आणि बुडबुडे येतील तेथें बोट ठेवतो. चार किलोमीटरची नळी कोणत्या घमेल्यांत बुडवावी? शिवाय ज्या छिद्रांतून वर्षास चिमूटभर हवा जाते त्यांतून बुडबुडा निघावयाचाच नाहीं. म्हणून बुडबुड्याची जागा एका वायूनें घेतली. तो वायु हेलियम होय.

हेलियमच्या जन्मकथेंत महाराष्ट्राचेंहि नांव येतें, आणि तें बहुधा चुकीच्या तारखेनिशीं येतें. विजयदुर्गच्या किल्ल्यावर लॉकयर या इंग्रज ज्योतिर्विदानें १८६८ सालच्या ग्रहणांत हेलियमचा शोध लावला असें अनेकदां सांगितलें जातें, आणि १८ ऑगस्टला तेथें हेलियमचा दिवसहि साजरा होतो. त्या दिवशींचें खग्रास ग्रहण भारतांतून दिसलें हें खरें. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होता, आणि पटवर्धनांच्या जमखिंडीस लेफ्टनंट जॉन हर्शेल वेध घेत होता. सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटांत एक पिवळी रेषा दिसली; ती सोडियमची असावी असा समज झाला. लॉकयर मात्र तेव्हां इंग्लंडांत होता. त्यानें २० ऑक्टोबर १८६८ रोजीं, ग्रहण नसतांना, तेथूनच त्या ज्वालांचा वेध घेतला, आणि ती रेषा सोडियमची नव्हे, कोणा अज्ञात मूलद्रव्याची आहे असा निष्कर्ष पुढें काढला. सूर्याच्या ग्रीक नांवावरून त्यास हेलियम हें नांव पडलें. विजयदुर्गास लॉकयर आला तो तीस वर्षांनीं, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं. किल्ल्यावर दुर्बिणीसाठीं बांधलेले ओटे आहेत ते त्या प्रसंगाचे. किल्ल्याचा मान यानें उणा होत नाहीं. तोंवर, १८९५ सालीं, रॅम्से यानें युरेनियमच्या एका खनिजांतून हेलियम पृथ्वीवरच बाहेर काढला होता.

हेलियम गळती शोधण्यास योग्य ठरला तो त्याच्या स्वभावामुळें. त्याचा अणु अत्यंत लहान व हलका, त्यामुळें तो सूक्ष्म छिद्रांतून चपळाईनें शिरतो. तो जळत नाहीं, विषारी नाहीं, आणि कोणाशींहि संयोग पावत नाहीं. हवेंत तो दहा लक्ष भागांत केवळ पांच भाग असतो. म्हणून तो यंत्रांत दिसला तर तो बाहेरून मुद्दाम सोडलेलाच असला पाहिजे अशी खात्री धरतां येते. हायड्रोजन याहूनहि हलका खरा. पण तो पेट घेतो, आणि पोलादांतून स्वतःच झिरपत असल्यानें साक्षीदार म्हणून निरुपयोगी ठरतो.

ही युक्ति युद्धकाळांत आकारास आली. अमेरिकेंत ओक रिज येथें युरेनियम विलग करण्याच्या प्रचंड कारखान्यांत हजारों सांधे होते, आणि त्यांपैकीं एकाहि सांध्यांतून दमट हवा आंत जाऊन चालण्यासारखें नव्हतें. मिनेसोटा विद्यापीठाच्या आल्फ्रेड नीअर यांनीं वस्तुमान-वर्णपटमापक या प्रयोगशाळेंतील नाजूक उपकरणास कारखान्यांतील गड्याच्या हातीं देण्याजोगें रूप दिलें. त्याची कृति थोडक्यांत अशी. ज्या पात्राची परीक्षा करावयाची तें प्रथम फिरत्या पंपानें रिकामें करावें. मग विरळ हवेचा पंप जोडावा. आणि त्याच्याशीं मापक लावावा. बाहेरून प्रत्येक सांध्यावर हेलियमचा बारीक झोत सोडावा. छिद्र असल्यास हेलियम आंत जातो, मापकांत त्याच्या अणूंस विद्युद्भार दिला जातो, चुंबक त्यांस वांकवितो, आणि केवळ हेलियमच्याच वजनाचे अणु ठरलेल्या ठिकाणीं पडून सुई हलवितात.

वाचण्यास हें सोपें वाटतें. पण पंपांची मांडणी चुकली तर सर्व परीक्षा खोटी ठरते. मापकांतील तापलेली तार दाट हवेंत जळून जाते, म्हणून झडपा उघडण्याचा क्रम मोडून चालत नाहीं. जुन्या पंपांतील तेलाची वाफ मागें सरकून पात्रांत जाते, म्हणून वाटेंत द्रव नायट्रोजननें थंड केलेला सांपळा ठेवावा लागे. पुढें उलट प्रवाहाची मांडणी आली, ती विशेष चतुर आहे. टर्बो पंप जड रेणूंस मागें येऊं देत नाहीं, पण हलक्या हेलियमास तो तेवढा अडवूं शकत नाहीं. म्हणून परीक्षेचा वायु मापकाच्या बाजूनें न सोडतां टर्बो पंपाच्या निकासाच्या बाजूनें सोडतात. हवा व वाफ तेथूनच बाहेर जातात, आणि हेलियमचे कांहीं अणु मात्र प्रवाहाविरुद्ध पोहत मापकापर्यंत पोंचतात. पंपाचा दोष होता तोच येथें गाळणीचा गुण झाला.

मोठ्या पात्रांत आणखी एक अडचण येते, ती वेळेची. दहा हजार लिटरांचें पात्र आहे आणि पंप सेकंदास शंभर लिटर उपसतो असें समजा. छिद्रांतून हेलियम शिरल्यावर त्याचा संकेत सुमारें दोन-तृतीयांश चढण्यास शंभर सेकंद लागतात. उतावळा परीक्षक तोंवर तिसऱ्या-चौथ्या सांध्यावर गेलेला असतो, आणि निर्दोष सांध्यास दोषी ठरवितो. मोठा पंप जोडीस दिला तर संकेत लवकर येतो. पण बराच हेलियम तोच गिळून टाकत असल्यानें संकेत क्षीण होतो. त्वरा हवी कीं सूक्ष्मता, हा तोल प्रत्येक ठिकाणीं साधावा लागतो. हेलियम हवेंत वर चढतो, म्हणून परीक्षा वरच्या सांध्यापासून खालीं करीत यावी, हाहि एक जुना दंडक आहे. अशा रीतीनें सेकंदास एका घनसेंटिमीटरच्या अब्जांशाएवढी गळती सहज सांपडते. त्या गतीनें एक घनसेंटिमीटर हवा आंत यावयास सुमारें एकतीस वर्षें लागतील! भारतांतहि ही विद्या रुजली. अणुभट्टीच्या इंधनकांड्यांचे सांधे हेलियमनेंच पारखले जातात, आणि भाभा अणुसंशोधन केंद्रानें गळतीशोधक यंत्रें स्वतः विकसित केलीं.

अमेरिकेंतील नळ्यांचा अनुभव औंढ्यास मार्गदर्शक आहे. सुमारें वीस मीटरांचे तुकडे पत्रा मळसूत्रासारखा वळवून तयार केले गेले. एका वेधशाळेंत वेल्डिंगची लांबी सुमारें पन्नास किलोमीटर भरली, आणि एवढ्या शिवणींत एकहि गळती राहूं दिली गेली नाहीं. मग नळी १५० ते १७० अंशांपर्यंत तापवून सुमारें महिनाभर तशीच ठेवली, कारण पोलादाच्या अंगास चिकटलेलें पाणी व वायु नुसत्या पंपानें निघत नाहींत. सर्व वायु काढण्यास चाळीस दिवस लागले. शेवटीं फिरणारे पंप बंद करण्यांत आले. त्यांचा थरथराटहि आरशांस सोसत नाहीं. पुढची राखण हालचाल न करणाऱ्या आयन-पंपांकडे व द्रव नायट्रोजननें गारठविलेल्या पृष्ठभागांकडे सोंपविली गेली.

या थरथराटाच्या विचारांत मराठवाड्याची भूमि पुढें येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गांवें झोंपलीं असतांना, लातूर जिल्ह्यांतील किल्लारीच्या परिसरांत धरणी हादरली, आणि दहा हजारांच्या जवळपास माणसें दगडमातीच्या घरांखालीं सांपडून गेलीं. दक्षिणेचें पठार अचल आहे हा समज त्या पहाटे मोडला. शास्त्रज्ञांनीं तेथें खोल छिद्र घेऊन खडकांचा अभ्यास केला, तेव्हां साडेतीनशें मीटरांच्या आंतच काळा पाषाण संपून पुरातन खडक लागला. हिंगोली जिल्ह्यासहि २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजीं ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. अशा प्रदेशांत एवढें नाजूक यंत्र कां, हा प्रश्न लोकांच्या मनांत उभा राहणें स्वाभाविक आहे. त्याचें उत्तर असें कीं, वेधशाळेस मोठ्या भूकंपाहून रोजची कुरकुर अधिक छळते. समुद्राची लाट, रेल्वेची धडधड, दगडाच्या खाणींतील स्फोट, जड मालमोटारी यांच्यापासून दूर, सपाट व एरवीं शांत असलेली भूमि तिला हवी असते. अनेक जागा पाहून त्या कसोटीस औंढ्याची उतरली. मोठा धक्का बसला तर आरसे सांवरून पुनः काम सुरू करतां येतें. नळीच्या सांध्यांस मात्र असे धक्के गृहीत धरूनच लवचीक जोड द्यावे लागतात, आणि प्रत्येक धक्क्यानंतर दाबाची सुई निरखावी लागते.

यांतूनच खरा प्रश्न उभा राहतो. पोलादाची पोकळी अभियंते राखतील; भोंवतालची शांतता कोण राखणार? ती केवळ कुंपणानें राहत नाहीं. ज्या भागास बाहेरचें जग अवर्षणासाठीं ओळखतें, ज्या लातुरास एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें, त्या भागास कारखाने व रस्ते यांची आंस असणें अगदीं न्याय्य आहे. वेधशाळेसाठीं या लोकांनीं आवाज आवरावा असें सांगतांना, त्या शांततेचें मोल त्यांच्या पदरांत काय पडतें हेंहि सांगतां आलें पाहिजे. नांदेड व लातूर येथील वर्गांतून दरवर्षीं शेंकडों बुद्धिमान् मुलें बाहेर पडतात. त्यांतील कांहींनीं तरी दूर न जातां औंढ्याच्या नळीपाशीं हातांत हेलियमचा झोत घेऊन उभें राहावें, अशी सोय येथील शाळा, तंत्रनिकेतनें व विद्यापीठ यांनीं वेळींच केली, तर ही वेधशाळा या मातीची होईल; नाहीं तर ती शेतांत उतरलेला एक परका पाहुणा राहील.

औंढ्याची नळी पूर्णपणें रिकामी झाली, सर्व सांधे पारखून निर्दोष ठरले, आणि दाब लक्ष-कोट्यंशावर आला, तरीहि तिच्या प्रत्येक घनसेंटिमीटरांत सुमारें अडीच कोटि रेणु शिल्लक असतीलच. रिकामी जागा दाखव, असें विसोबांनीं नामदेवांस याच गांवीं सांगितलें होतें. सातशें वर्षांनंतरचे पंपहि ती पुरती दाखवूं शकणार नाहींत. परंतु जेवढी रिकामी होईल तेवढ्या जागेंतून, कोट्यवधि वर्षांपूर्वीं निघालेली एखादी लहर जातांना आपली खूण ठेवील, आणि ती ओळखणारी माणसें औंढ्यास असतील.